कुठलं एकेचाळीस

फेब्रुवारीतला गुरुवार होता. सकाळी सहाला क्लेमंटच्या आमच्या रेल्वे ऑफिसचं कुलूप उघडलं तेव्हा पारा शून्याखाली वीसवर होता आणि टेबलावरच्या फोनचा लाल दिवा लुकलुकत होता. रात्रीतून कुणीतरी निरोप ठेवला होता. मी हातमोजे न काढताच बटण दाबलं.

"ओरिन, मी आर्डिस कुचेरा बोलतेय. पहाटे पाचला मागे बंदुकीसारखा बार झाला. शिकारीचा हंगाम संपलाय, तेव्हा तो तुझा रूळच असणार. एकेचाळीसच्या दगडापासून पूर्वेला, शंभरेक पावलांवर. कुणाला तरी पाठव."

कुचेरा बाईंनी मला पहिली ते सहावी शिकवलं. एका खोलीची शाळा, अकरा मुलं. बाई आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, पण त्यांचा आवाज फोनवर आला की मी अजूनही खुर्चीत सरळ बसतो.

बाईंचा अंदाज चुकीचा असण्याचं कारण नव्हतं. लोखंड थंडीत आखडतं. उन्हाळ्यात एकमेकांना ढकलणारे रूळ हिवाळ्यात एकमेकांपासून दूर ओढले जातात, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट कधीतरी एका दमात तुटतात. मग बार होतो आणि सांध्यात फट पडते. रिकाम्या डब्याचं चाक ती फट कदाचित ओलांडेल. भरलेल्या डब्याचं चाक नुसतं फटीत आदळत नाही, पुढच्या रुळाचं तोंड फोडतं. आमचे रूळ १९०९ सालचे आहेत.

आणि नेमकी त्याच सकाळी भरलेली गाडी येणार होती.

आमची लाइन सहासष्ट मैलांची. पश्चिमेला हॉलबर्ग, पूर्वेला क्लेमंट, मध्ये दक्षिण डकोटातला वारा. नऊ माणसं मिळून आम्ही ती चालवतो. बरीच वर्षं हॉलबर्गचा गहू हे आमचं एकच गिऱ्हाईक होतं. गेल्या वर्षी सरकारचं पत्र आलं: जूनच्या आत दुसरं कायमचं गिऱ्हाईक मिळालं नाही तर लाइन बंद करून रूळ उचलले जातील. त्याच वर्षी क्लेमंटला सूर्यफुलाच्या तेलाची नवी गिरणी उभी राहिली. गिरणीच्या व्यवस्थापक जोनेल वाइस यांना मी सहा वेळा भेटलो. सहाव्या भेटीत त्या म्हणाल्या, "एक संधी देते. गुरुवारी हॉलबर्गहून बियांचे बारा डबे. दुपारी दीडच्या आत माझ्या दारात. माझ्याकडे दोन वाजेपर्यंत पुरेल एवढंच बी ठेवलंय. एकदा घाणे थांबले की या थंडीत नळ्यांमधलं तेल गोठतं आणि साफ करायला दोन दिवस जातात. तुम्ही आला नाहीत तर मी ट्रक बोलावीन, आणि मग ट्रकच राहतील."

तर बारा डबे घेऊन आमचा ड्रायव्हर डेलबर्ट स्कोग साडेसहाला हॉलबर्गहून निघाला होता. इंजिनात त्याच्याबरोबर मदतनीस टीना. मी त्यांना रेडिओवर सांगितलं की बाविसाव्या मैलावरच्या सायडिंगला, बाजूच्या रुळावर उभे राहा, पुढे रूळ बघायचाय.

"किती वेळ?" डेलबर्टने विचारलं.

"वेड रूळ बघून येईपर्यंत."

"म्हणजे न्याहारी करू का सुरू?"

"कर. पण बूट काढू नकोस."

वेड आमचा रूळ तपासणारा. चौतीस वर्षांचा, मोठ्या रेल्वेत दहा वर्षं काढून डिसेंबरमध्ये आमच्याकडे आलेला. काम नेटकं, बोलणं कमी. त्याला मी सांगितलं, "वेड, एकेचाळीसला जा. पूर्वेच्या बाजूला सांधा तुटल्याची खबर आहे."

रेल्वेत एक रीत आहे. रेडिओवर दिलेला हुकूम ऐकणाऱ्याने जसाच्या तसा परत म्हणायचा. एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तरी हुकूम रद्द, पुन्हा पहिल्यापासून. वेड म्हणाला, "एकेचाळीसला जातो. पूर्वेच्या बाजूला सांधा तुटल्याची खबर आहे." मी म्हटलं, "बरोबर." माझ्या वहीत ते लिहिलेलं आहे, वेळेसकट.

नऊला दहा मिनिटं कमी असताना त्याचा आवाज आला. "ओरिन, एकेचाळीस साफ आहे. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मैल चालून पाहिलं. सगळे सांधे धरून आहेत."

"एकेचाळीस साफ," मी परत म्हटलं.

"बरोबर."

मला वाटलं, बाईंनी बर्फाच्या तड्याचा आवाज ऐकला असेल. तळी गोठतात तेव्हाही बार होतो. वय झालं आता बाईंचं. मी डेलबर्टला पंधरा मैलांच्या वेगाने सोडलं. थोडा वेळ गेला होता, तरी गाडी बाराच्या सुमाराला क्लेमंटला पोचत होती.

पावणेदहाला जोनेल वाइस स्वतःच ऑफिसात आल्या. बुटांचा बर्फ दारात झटकला, माझ्या स्टोव्हजवळची खुर्ची ओढली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"माझं बी कुठे आहे?"

"विलो ओढ्याच्या खोऱ्यात शिरतंय. आता अर्धा तास त्यांचा आवाज येणार नाही. तिथे रेडिओ चालत नाही, मोबाइलही नाही."

"म्हणजे हरवलं."

"हरवलं नाही हो. दरीतून रस्ता आहे, एवढंच. खोऱ्यातून वर आले की बोलतील."

"ट्रकवाला मला कुठूनही फोन करतो."

"ट्रकवाला बर्फात अडकला की तिथूनही करतो," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत, पण मी दिलेली कॉफी घेतली.

दहाला दहा कमी असताना फोन वाजला.

"ओरिन, तुझा माणूस कधी येणार आहे?"

"येऊन गेला ना, बाई. नऊच्या आधीच. सगळं साफ आहे म्हणाला."

"कुठे येऊन गेला?"

"तुमच्या मागे. एकेचाळीसला."

"माझ्या मागे कुणीही आलेलं नाही. सात वाजल्यापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेय. कुत्रा एकदाही भुंकला नाही. आणि साफ कसला? फट मला इथून दिसतेय, हॅरल्डच्या दुर्बिणीतून. तीन बोटं जातील एवढी."

हॅरल्ड म्हणजे बाईंचे यजमान; ते गेले, दुर्बीण राहिली.

आमच्या लाइनवर मैल मोजायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या कंपनीने शंभर वर्षांपूर्वी दगड रोवले, हॉलबर्गपासून मोजून. गेल्या ऑक्टोबरात सरकारने रुळाखालच्या नव्या लाकडी स्लीपरसाठी मदत दिली, तेव्हा त्यांच्या कागदावर मैल उलटे होते, क्लेमंटपासून मोजलेले. म्हणून आम्ही हिरव्या पाट्या ठोकल्या. दगड उपटायचे होते, पण नोव्हेंबरात जमीन गोठली आणि ते राहून गेले. आम्हा जुन्यांना त्याने काही फरक पडला नाही. आमच्या तोंडी अजून दगडच होते. पण वेड डिसेंबरात आलेला. त्याला मी जे वेळापत्रक दिलं, त्यावर फक्त पाट्यांचे आकडे होते.

मी रेडिओ उचलला. "वेड, सकाळी तू एकेचाळीसला होतास, तेव्हा आजूबाजूला काय दिसत होतं? आकडा सांगू नकोस. काय दिसलं ते सांग."

"पवनचक्की. आणि एक मोडका धान्याचा कोठा. का?"

तो कोठा बाईंच्या घरापासून सोळा मैल पश्चिमेला आहे. वेडने शब्द बरोबर ऐकला, बरोबर परत म्हटला, मीही बरोबर परत म्हटला, आणि आम्ही दोघंही दोन वेगवेगळ्या जागांबद्दल बोलत होतो.

"वेड, आत्ताच्या आत्ता कुचेरांच्या घराकडे नीघ. किती वेळ लागेल?"

"बर्फ आहे. अर्धा तास."

गाडी खोऱ्यात शिरून सहा मिनिटं झाली होती. दगडापर्यंत अठरा मिनिटं उरली होती. डेलबर्टला हाक मारून पाहिली, तीनदा. नुसती खरखर. जोनेलनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि काही न विचारता स्वतःच्या मोबाइलवरून शेरीफच्या ऑफिसला फोन लावला. मी त्यांना हाताने ठिकाण लिहून दिलं: कुचेरांचं शेत, विलो ओढा. त्या ऐकत राहिल्या, मग मान हलवली. "सगळ्यात जवळची गाडी बावीस मिनिटांवर आहे."

फोन अजून माझ्या दुसऱ्या हातात होता.

"बाई, तुम्हाला रुळापर्यंत जाता येईल?"

"कशाला?"

"गाडी थांबवायला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "किती वेळ आहे?"

"सतरा मिनिटं."

"मग इकडचं तिकडचं बोलू नकोस. काय करायचं ते सांग. क्रमाने सांग."

आमच्या नियमांच्या पुस्तकात एक वाक्य आहे. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी पाठ करावं लागतं. रुळाजवळ कुणीही, कोणतीही वस्तू जोरजोराने हलवत असेल, तर ती थांबण्याची खूण समजावी. बावटा लागत नाही, वर्दी लागत नाही, रेल्वेचा माणूसही लागत नाही.

"हातात काहीतरी घ्या. रंगाचं. पांढरं नको, बर्फात दिसणार नाही."

"हॅरल्डचं शिकारीचं जाकीट आहे. नारिंगी."

"चालेल. फटीपासून पश्चिमेला चाला, गाडी येते त्या बाजूला. जमेल तेवढं लांब. निदान तीनशे पावलं. रुळाच्या बाहेर उभं राहा, मधे नाही. इंजिन दिसलं की जाकीट डोक्यावरून हलवायला लागा आणि गाडी थांबेपर्यंत थांबू नका. जोरात हलवा. पिसाटल्यासारखं."

"पश्चिम म्हणजे कुठली? तुमच्या रेल्वेची, की सूर्याची? हॅरल्ड म्हणायचा, तुमची पश्चिम कधी कधी उत्तरेला असते."

हे विचारणं मला सुचायला हवं होतं, सकाळी सहाला.

"सूर्य मावळतो ती. तुमच्या घराकडे पाठ केलीत की डावा हात."

"डावा हात. ठीक."

"बाई, आता सगळं परत म्हणून दाखवा."

"ओरिन ट्वेट, तू मला—" त्या थांबल्या. मग म्हटलं त्यांनी, एकेक करून: नारिंगी जाकीट, घराकडे पाठ, डावा हात, तीनशे पावलं, रुळाच्या बाहेर, डोक्यावरून, थांबेपर्यंत. एकही शब्द सुटला नाही.

"बरोबर," मी म्हटलं. "आणि टोपी घाला."

"टोपी घालायची हे मीच तुला शिकवलंय," बाई म्हणाल्या. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. फोन त्यांनी बंद केला नाही.

बाई वॉकर धरून चालतात. घरापासून रुळापर्यंत उतार आहे, आणि मग तीनशे पावलं. हे सगळं मी आत्ता लिहितोय. तेव्हा मी फक्त कानाशी रिसीव्हर धरून बसलो होतो. दार उघडल्याचा आवाज, मग वारा, मग दार बंद. कुत्र्याचं भुंकणं लांब लांब जात गेलं. स्वयंपाकघरातलं घड्याळ टकटक करत होतं.

जोनेल उठून माझ्या टेबलाजवळ आल्या. "तुमचा माणूस चुकीच्या जागी गेला?"

"माणूस मी सांगितलं तिथे गेला. मी चुकीचं सांगितलं."

"तुम्ही एकेचाळीस म्हणालात. मी ऐकलं आत्ता. ते चुकीचं होतं का?"

"नाही. अर्धवट होतं. बाईंच्या निरोपात 'दगड' होता. मी तो गाळला."

दहा वाजले. फोनमधून एक बारीक शिट्टी सुरू झाली. आधी मला कळेना, मग कळलं: बाई शेगडीवर किटली तशीच ठेवून गेल्या होत्या. शिट्टी वाढत गेली. घड्याळ ऐकू येईना, वारा ऐकू येईना. गाडीचा भोंगा वाजला असता तरी आला नसता. मी दुसऱ्या कानावर तळहात दाबला, जणू त्याने काही फरक पडणार होता. जोनेल माझ्या शेजारी वाकून ऐकत होत्या आणि त्यांच्या श्वासाला कॉफीचा वास होता.

दहा वाजून पाच. किटली किंचाळत होती.

"त्या पोचल्या असतील का?" जोनेलनी विचारलं.

"माहीत नाही."

"इंजिनात किती माणसं आहेत?"

"दोन."

मग शिट्टी हळूहळू बसत गेली, घोगरी झाली, बंद पडली. पाणी संपलं होतं. त्या शांततेत, फार लांबून, भोंगा आला. कुचेरांच्या शेतरस्त्याच्या फाटकासाठी आम्ही चार वाजवतो: लांब, लांब, आखूड, लांब. पहिला लांब झाला. दुसरा लांब अर्धा झाला आणि तुटला.

पुढे काही नाही.

भोंगा अर्ध्यात तुटतो तो दोनच कारणांनी. ड्रायव्हरचा हात दोरीवरून निघून ब्रेककडे जातो, किंवा त्याला हातच उरत नाही. मी जोनेलना हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. रिसीव्हरमध्ये घड्याळ पुन्हा टकटक करायला लागलं. मी मोजायला लागलो आणि दोनशेपुढे मोजणं सोडून दिलं.

दार उघडलं. जड बूट. कुणीतरी रिसीव्हर उचलला, मोठा श्वास घेतला.

"ओरिन?"

"डेलबर्ट. बोल."

"इथे एक किटली जळालीय."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"अकरा स्लीपर," डेलबर्ट म्हणाला. "इंजिनच्या पुढच्या चाकापासून फटीपर्यंत. उतरून मोजले मी. तू मला कुठल्या एकेचाळीसवरून सोडलंस रे?"

"बाई कुठे आहेत?"

"माझ्या इंजिनात, हीटरजवळ. टीनाने त्यांचे हात स्वतःच्या काखेत धरलेत. तीनशे पावलं नाही झाली त्यांच्याने, दोनशेच्या आत पडल्या. पडल्या पडल्याच हलवत होत्या. मला आधी वाटलं वाऱ्याने कुंपणावर चिंधी अडकलीय. मग म्हटलं, चिंधी अशी रागाने हलत नाही." तो थांबला. "त्यांनी निरोप दिलाय. म्हणाल्या, ओरिनला सांग, मी दगड म्हणाले होते."

जोनेल खुर्चीत बसल्या. मी डोळे पुसले, आणि त्यांनी तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. शेरीफचा माणूस थोड्या वेळाने तिथे पोचला आणि बाईंना दवाखान्यात घेऊन गेला. मनगट मुरगळलं होतं, दोन बोटांना हिमबाधा झाली होती.

गाडी थांबली म्हणजे काम संपलं असं नव्हे. साडेदहाच्या आत वेड तिथे पोचला. थंडीत आखडलेला रूळ ओढून जुळवता येत नाही, तो तापवून लांब करावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे जाड दोर असतो, दिव्याच्या वातीसारखा. तो डिझेलमध्ये भिजवायचा, रुळाच्या कडेने दीडशे फूट पसरायचा आणि पेटवायचा. ज्योत रुळाबरोबर सरकत जाते, लोखंड हळूहळू पसरतं, फट मिटत येते. नेमकी भोकं समोरासमोर आली की नवे बोल्ट घालून आवळायचे. घाई केली तर भोकं जुळत नाहीत. उशीर केला तर रूळ पुन्हा आखडतो. डेलबर्ट आणि टीनाने दोर सांभाळला, वेडने बोल्ट धरले.

अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी वेड बाईंच्या फोनवरून बोलला. "बसला. चारही बोल्ट घट्ट." मग आवाज खाली आला. "ओरिन, सकाळचं माझं चुकलं का?"

"नाही. माझं चुकलं. ते मी लिहून ठेवलंय."

"मग आता पंधराने सोडू?"

मी घड्याळाकडे पाहिलं. जोनेलही तिकडेच पाहत होत्या. बाईंच्या घरापासून क्लेमंट पंचवीस मैल. पंधराच्या वेगाने गाडी सव्वा वाजता त्यांच्या दारात आली असती. पंधरा मिनिटं शिल्लक ठेवून. लाइन वाचली असती.

"पुढचे सांधे कुणी पाहिलेत?" मी विचारलं.

"आज कुणीच नाही. मी सकाळी तिकडे..." तो थांबला.

"मग गाडी तुझ्या मागे येईल. ट्रकची रुळाची चाकं खाली सोड, रुळावर चढव, पुढे चाल. प्रत्येक सांध्यावर नजर टाक, शंका आली की उतर. डेलबर्ट तुझ्या मागे अर्धा मैल, तू हात दाखवल्याशिवाय पुढे नाही."

"तीन वाजतील, ओरिन."

"तीनच्या पुढे वाजतील. परत म्हण."

त्याने परत म्हटलं. मी म्हटलं, "आणि आता मैल सांगताना दगड की पाटी, तेही सांगायचं. दर वेळी."

मी रिसीव्हर ठेवला. जोनेल उभ्या होत्या.

"तुम्ही काय बोललात ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"हो."

"सव्वा वाजता येणारी गाडी तुम्ही तीनला आणताय. माझ्यासमोर."

"एक सांधा तुटला. बाकीचेही रात्रभर त्याच थंडीत होते."

त्यांनी मोबाइल काढला आणि ट्रकवाल्याला फोन लावला. दोन वाजायच्या आत चार ट्रक, हो, आत्ता निघा, दर बोलू नंतर. बोलणं झाल्यावर कोट चढवला. दारात पोचल्यावर वळल्या.

"दगड आणि पाट्या दोन्ही उभ्या का आहेत?"

"दगड काढायचे होते. जमीन गोठली. एप्रिलशिवाय निघत नाहीत."

"आणि पाट्या?"

"पाट्यांचं काय?"

"त्या कशाने बसवल्यात?"

"दोन बोल्टांनी."

त्यांनी माझ्याकडे अगदी बाईंसारखं पाहिलं, फळ्यावर मी चुकीचं उत्तर लिहिलं की पाहायच्या तसं, आणि दार लावून गेल्या.

गाडी सव्वातीनला आली. पंचवीस मैलांत वेडला एकही तुटलेला सांधा सापडला नाही. तो दोनदा उतरला, दोन्ही वेळा सगळं ठीक होतं. गिरणीच्या आवारात ट्रक रिकामे होत होते. आमचे बारा डबे बाजूच्या रुळावर उभे राहिले. त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. डेलबर्ट इंजिनातून उतरला, ट्रकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवून घरी गेला. मी रात्री सरकारचं पत्र पुन्हा वाचलं. त्यात बदल झालेला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी जोनेलचा फोन आला.

"मालकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले ट्रकच ठेवू."

"समजू शकतो," मी म्हटलं.

"माझं बोलणं संपलेलं नाही. मी त्यांना म्हटलं, ट्रकवाले मला उशीर झाल्यावर सांगतात. तो म्हातारा मात्र उशीर होण्याआधीच सांगतो, आणि माझ्या तोंडावर सांगतो. सोमवारी माझ्या आवारात उभे असलेले बारा डबे आत घ्या. आणि हॉलबर्गहून नवे सहा आणा. बारा नाही, सहा. बाकी अजून ट्रकच."

"आणू."

"पण एक अट आहे."

"पाट्या," मी म्हटलं.

"सोमवारच्या आत."

शनिवारी आणि रविवारी आम्ही नऊ जणांनी मिळून सहासष्ट पाट्या काढल्या. माझा गुडघा धड नाही, म्हणून मी ट्रकमध्ये बसून यादीवर खुणा करत होतो. गोठलेल्या बोल्टवर वेड पान्याने मारायचा आणि मोठ्या रेल्वेतल्या शिव्या द्यायचा, ज्या आमच्या शिव्यांपेक्षा बऱ्याच लांबलचक असतात. सरकारी कचेरीत मी पत्र पाठवलं की मैल पुन्हा हॉलबर्गपासून मोजले जातील आणि त्यांना कागद बदलावे लागतील. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

सोमवारी पारा थोडा चढला होता. वेड पहाटेच सगळी लाइन पाहून आला. डेलबर्ट सहा डबे घेऊन निघाला. दहाला दहा कमी असताना तो विलोच्या खोऱ्यात शिरला आणि रेडिओ गप्प झाला. मी काही केलं नाही. पेन्सिल हातात घेतली, खाली ठेवली. वेड दारात उभा होता, आत येत नव्हता, बाहेरही जात नव्हता.

"बस ना," मी म्हटलं.

"बरा आहे असाच."

दहा वाजून एकोणीस मिनिटांनी खरखर झाली. "ओरिन, डेलबर्ट बोलतोय. बेचाळीसचा दगड मागे टाकला. दगड म्हणतोय, ऐकलंस का, दगड. खिडकीत बाई हाताला पट्टी बांधून बसल्यात. मी भोंगा पूर्ण वाजवला."

"बेचाळीसचा दगड मागे टाकला," मी परत म्हटलं.

वेड खुर्चीत बसला.

गाडी बाराला पाच कमी असताना गिरणीच्या आवारात शिरली. अर्ध्या तासाने जोनेलनी फोन केला. पहिला डबा उघडला होता, बी कोरडं होतं, घाणा चालू होता. मागून यंत्रांचा एकसुरी आवाज येत होता, आणि त्यावर त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"पुढच्या सोमवारीही सहाच," त्या ओरडल्या. "जास्त मागू नका!"

"मागत नाही," मी ओरडलो, आणि वहीत पुढच्या सोमवारच्या पानावर सहा लिहिले.